एल्क आणि होल्यांच्या सीझनसाठी घेतलेली फ्रेम सॅक: एप्रिल ते नोव्हेंबरचा अनुभव

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कसारख्या (एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण) मोठ्या जनावरांच्या शिकारीची लायसन्सं ड्रॉने, म्हणजे सोडतीने मिळतात, आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. यंदा अर्ज भरला आणि त्याच आठवड्यात ही सॅक मागवली. उन्हाळाभराचा सराव, १ सप्टेंबरपासून होल्यांचा सीझन आणि ऑक्टोबरात एल्क, असं सगळं तिच्यावर झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. थोडक्यात सांगायचं तर एल्कला जाणार असाल आणि मांस स्वतःच्या पाठीवर आणणार असाल, तर या प्रकारची सॅक घ्याच, पण आधी पाठ मोजून घ्या. नुसत्या होल्यांसाठी मात्र एवढे पैसे घालू नका.

कंपनीचं नाव देत नाही. मोंटाना, आयडाहोकडच्या काही छोट्या कंपन्या साधारण याच रचनेच्या सॅक बनवतात आणि मला बोलायचंय ते रचनेबद्दल. फ्रेम आणि पिशवी हे दोन वेगळे भाग. पिशवीचे पट्टे सैल केले की ती फ्रेमपासून मागे सरकते आणि मधे एक फट तयार होते. मांस त्या फटीत, पाठीला चिकटून बसतं. जेवण, जॅकेट, पाणी असलं हलकं सामान बाहेरच्या पिशवीत राहतं. मोकळ्या सॅकचं वजन अडीच किलोच्या आसपास, आणि कमरपट्ट्यासकट किंमत सुमारे ७०० डॉलर.

मी मूळची सांगलीची. सह्याद्रीत भरपूर भटकले, पण शिकार इथे कोलोरॅडोत सासरी येऊन शिकले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकरला एक गोष्ट सहसा माहीत नसते: शिकारीत जाताना सॅक हलकी असते आणि येताना जड. ट्रेकच्या बरोबर उलट. मादी एल्क जिवंतपणी सव्वादोनशे किलोच्या घरात जाते आणि हाडं काढूनही ६५ ते ७५ किलो मांस निघतं. ते रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्या आणि आतली टेंडरलॉइन एवढं तरी आणावंच लागतं. मला हा नियम मनापासून पटतो. जनावर मारलं तर ते सगळं घरी आलं पाहिजे, आणि त्याची तयारी एप्रिलपासूनच करायची.

आता पाठ मोजण्याबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. मान खाली घातली की मानेच्या बुंध्याशी एक हाड वर येतं. तिथून खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले की अंगठे जिथे समोरासमोर येतात तिथपर्यंत टेप लावायची. उंचीवरून अंदाज बांधू नका. माझा नवरा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण त्याच्या आणि माझ्या पाठीत दीडच इंचाचा फरक निघाला. कमरपट्टा पोटावर बसता कामा नये. कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा त्याच्या मधोमध यायला हवा, म्हणजे बहुतेक ओझं पायांवर जातं आणि खांदे मोकळे राहतात. खांद्यांच्या वरून फ्रेमकडे जाणारे छोटे पट्टे तिरके वर चढले पाहिजेत. ते आडवे राहिले तर फ्रेम तुम्हाला बुटकी आहे, आणि तीस किलोला ती खांदे मागे ओढणारच. बायकांनी पट्ट्याच्या आकाराकडे जास्त लक्ष द्यावं. सोबत आलेला सरळ पट्टा माझ्या कमरेवर फक्त वरच्या कडेने टेकायचा. कंपनीने तो बदलून वळणदार आणि लहान दिला. त्याला वेळ लागला, पण वेगळे पैसे घेतले नाहीत.

सराव फोर्ट कॉलिन्सच्या आजूबाजूलाच. लोरी स्टेट पार्कमधली आर्थर्स रॉकची वाट मला सर्वांत सोयीची वाटते. वर जाईपर्यंत हजारेक फूट चढ आहे आणि शेवटचा टप्पा दगडांचा. ओझं म्हणून सोना मसुरीची २० पौंडांची पोती, आधी एक, मग दोन, मग तीन. जिममधल्या लोखंडी चकत्यांपेक्षा तांदूळ बरा, कारण मांसही पिशवीत असंच खाली खाली सरकत जातं आणि पट्टे कुठे कमी पडतात ते कळतं. सासऱ्यांची युक्ती आणखी चांगली: वर जाताना पाण्याचे कॅन भरून न्यायचे, माथ्यावर पाणी ओतून द्यायचं आणि रिकामं उतरायचं. चढाचा व्यायाम पुरा होतो आणि उतारावर गुडघ्यांना मार बसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी हेच करावं.

हे चालणं आमच्या घरात नंतर रविवारचा नेमच होऊन बसलं. नणंद, तिची मुलगी, नवऱ्याचे दोन मित्र, सगळे येऊ लागले. भाची हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीचे नियम आणि सुरक्षितता शिकवणारा कोर्स करत होती. चढावर ती मला नियम म्हणून दाखवायची आणि मी तिला थांबून मधेच प्रश्न विचारायचे. दम लागलेला असताना नियम आठवले पाहिजेत, असं माझं मत आहे. नेम धरायची वेळ येते तेव्हाही दम लागलेलाच असतो.

होल्यांच्या सीझनला पिशवी काढून ठेवली आणि नुसती फ्रेम वापरली. आम्ही जातो ते पूर्वेकडच्या सपाट मुलखात, सासऱ्यांच्या मित्राच्या शेतावर. कापणी झालेला गहू, एका बाजूला सूर्यफूल आणि गुरांच्या पाण्याचं तळं. सप्टेंबरचा पहिला आठवडा तिकडे भाजून काढतो. फ्रेमवर घडीचे स्टूल, कुत्र्यासाठी पाण्याचा कॅन, बर्फाची पेटी आणि काडतुसांचा डबा असं सगळं एकदम बांधता आलं, आणि शेताच्या कडेने एकच फेरी पुरली. इथे तिची पहिली खोड कळली: पाठीवरच्या फोमच्या गादीतून वारा खेळत नाही. शर्ट पाठीला चिकटतो आणि शेवटी तिथे घामोळं येतं. ऑक्टोबरच्या थंडीत हीच गादी ऊबदार वाटते, पण सप्टेंबरात त्रासच.

होल्यांसाठी खरी तयारी सॅकची नसतेच, हातांची आणि डोळ्यांची असते. जुलैपासून मातीच्या तबकड्यांवर सराव, बंदुकीत तीनच काडतुसं बसतील असा प्लग, आणि स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारा एचआयपी हा नोंदणी क्रमांक. दिवसाला १५ ची मर्यादा आहे ती मॉर्निंग डव्ह हा इथला नेहमीचा होला आणि पांढऱ्या पंखांचा होला मिळून. मानेवर काळी कंठी असलेला मोठा होला त्यात धरत नाहीत, त्याला मर्यादाच नाही. हा आपल्या सांगलीत तारेवर बसून घुमतो तोच पक्षी. १९७० च्या दशकात बहामाजमध्ये पिंजऱ्यातून सुटला आणि तिथून फ्लोरिडामार्गे अख्ख्या अमेरिकेत पसरला. शेपटी टोकदार असेल तर मॉर्निंग डव्ह, रुंद आणि चौकोनी असेल तर कंठीवाला. भाचीला हे उडत्या पक्ष्यावर ओळखता येईपर्यंत सासऱ्यांनी तिच्या हाती बंदूक दिली नाही. ती नुसती माझ्या शेजारी बसून सांगायची, "मामी, टोकदार. मामी, चौकोनी." असं शिकवणारा माणूस घरात असणं हे कुठल्याही सामानापेक्षा मोठं आहे.

एल्कचा पहिला रायफल सीझन ऑक्टोबरच्या मध्यात, पाच दिवसांचा. ड्रॉमध्ये मला मादीचं लायसन्स लागलं होतं. फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या बाजूला, साडेनऊ हजार फुटांच्या आसपास तळ. त्या जंगलात किड्याने मारलेले स्प्रूसचे वृक्ष आडवेतिडवे पडलेत. मैलभर चालायचं म्हणजे शंभर ओंडके ओलांडायचे. इथे अरुंद फ्रेमचा फायदा कळला. सासऱ्यांची जुनी ॲल्युमिनियमची उघडी फ्रेम फांद्यांत सारखी अडकत होती आणि प्रत्येक वेळी खणकन वाजायची. माझी सॅक खांद्यांच्या रुंदीबाहेर जात नाही. लोंबणारे पट्टे मात्र गुंडाळून रबराने बांधावे लागतात, नाहीतर तेही अडकतात.

एक गोष्ट कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. रायफल सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच झळझळीत केशरी किंवा गुलाबी कापड अंगावर हवं आणि डोक्यावरही तोच रंग हवा. एवढी मोठी सॅक पाठीवर चढवली की केशरी जाकिटाची पाठ तिच्याखाली झाकली जाते आणि मागून तुम्ही मातकट रंगाचे दिसता. त्यामुळे सॅकवर केशरी आवरण घालाच. आम्ही पावसाळी आवरणच केशरी घेतलं. मांस आणताना तर नक्कीच, कारण त्या वेळी तुमच्या पाठीवर खरोखरच एल्क असतो.

करकरण्याबद्दल सांगायलाच हवं. फ्रेमच्या कांड्या खालच्या बाजूला जिथे कापडी खोबणीत बसतात, तिथे थंडीत आवाज येतो. दुपारी काहीच नाही, पहाटे गोठलेल्या हवेत मात्र प्रत्येक पावलाला कर्र. ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला एल्कचा कळप चरत होता, वारा आमच्या तोंडावर, सगळं जमून आलेलं, आणि या आवाजाने एका म्हाताऱ्या मादीने मान वर केली ती खाली घालेचना. कळप निघून गेला. ७०० डॉलरच्या वस्तूत हा दोष असू नये, आणि कंपनीने तो सुधारलाच पाहिजे. त्या रात्री नवऱ्याने कांड्या काढून त्यांच्या टोकांना मेणबत्ती घासली. आवाज बंद झाला. त्यानंतर दर काही आठवड्यांनी मेण लावावं लागतं.

सीझन संपत आला असताना मला मादी मिळाली, सकाळी लवकर, ट्रकपासून दीडेक मैलावर. पोट न फाडता एकेका बाजूचं कातडं सोडवून पाय वेगळे करण्याची पद्धत आम्ही वापरतो. कणा कापावा लागत नाही आणि मांस लवकर थंड होतं. मादी असल्याचा पुरावा एका पायाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो भाग सासऱ्यांनी स्वतः हाताळला. पाय कापडी पिशव्यांत घालून सावलीत फांदीला टांगले. मागच्या पायाचा जाड भाग आतून तापलेला राहतो आणि हाडाजवळ नासायला लागतो, म्हणून आधी तेच दोन टांगायचे.

मग सॅक भरली. मागचा एक पाय, हाडासकट, पंचवीस-सत्तावीस किलो. जाड मांडी वर, खांद्यांच्या पात्यांच्या मधे, आणि निमुळतं टोक खाली. हे उलट झालं तर वजन कमरेखाली लोंबतं आणि प्रत्येक पावलाला मागे ओढतं. आधी खालचा पट्टा आवळायचा, म्हणजे ओझ्याला बूड मिळतं, मग बाजूचे, मग वरचा. जमिनीवर बसून हात घालायचे, कमरपट्टा बसल्या बसल्याच घट्ट करायचा, मग गुडघ्यांवर वळायचं आणि काठ्यांच्या आधाराने उठायचं. उभं राहिल्यावर खांद्याचे पट्टे थोडे सैल आणि वरचे छोटे पट्टे थोडे घट्ट. त्या क्षणी ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरलेलं स्पष्ट जाणवतं. घसाऱ्याच्या उतारावर सॅक एकदाही बाजूला झुकली नाही. ओंडक्यांवरून पाय टाकताना मांस आणि पाठ एकत्रच हलत होती. आठ महिन्यांत या सॅकने पैसे वसूल केले ते त्या उतारावर. भाची स्वतःच्या छोट्या सॅकमध्ये टेंडरलॉइन घेऊन पुढे चालत होती आणि ओंडका आला की थांबून मला हात देत होती. सासऱ्यांनी खांदा आणला, त्याच जुन्या फ्रेमवर, तितक्याच सहजतेने. म्हणून ज्यांच्याकडे तशी फ्रेम आहे त्यांनी नवीन घ्यायची घाई करू नये. फरक पडतो तो जाताना, शांत आणि अरुंद सॅक हवी असते तेव्हा.

धुणं सोपं आहे, पण थंड पाण्यानेच. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. आधी तासभर भिजवायची, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, मग साधा साबण. चेनमध्ये वाळलेलं रक्त राहिलं तर दात अडकतात, तिथे जुना ब्रश फिरवावा. मांस कापडी पिशवीतून पाझरतंच, म्हणून फटीत एक जाड प्लास्टिक अंथरायचं. पण मांस प्लास्टिकमध्ये बांधायचं नाही, उकडून खराब होतं.

सॅकचं कापड दणकट आहे, शिवण कुठे उसवलेली नाही. पण ते पाणी अडवत नाही. ओला बर्फ पडला तर आतलं जॅकेट भिजतं. कमरपट्ट्यावरचे खिसे वेगळे विकत घ्यावे लागतात, हे मला या किमतीत पटलेलं नाही.

एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीच्या पट्ट्या फक्त तव्यावर आणि लगेच उतरवायच्या. खांद्याचं मात्र कुकरला लावून कांदा-लसूण मसाल्यात सुकं करा, सासरचे सगळे भाकरीसाठी थांबून राहतात.

दुसऱ्या हाताची सॅक घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. कांड्या बाहेर काढून टोकं पाहा, तिथे चीर असेल तर घेऊ नका. आणि वीस किलो घालून कमरपट्ट्याचं बक्कल आवळा, पाच मिनिटं जिने चढा-उतरा. पट्टा हळूहळू सैल होत गेला तर बक्कल बदलावं लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. भाचीसाठी आम्ही पुढच्या सीझनला अशीच लहान फ्रेमची शोधतोय. कोणाकडे साडेचौदा-पंधरा इंचांच्या पाठीला बसणारी असेल तर कळवा.