अरेस्टर चांगला, खड्डा महाग

गच्चीवर माझ्या हॅम रेडिओची (हौशी लोकांच्या वायरलेसची) अँटेना आहे. तिला विजेपासून जपायला दोन गोष्टी केल्या: केबलवर अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारी डबी, आणि तो झटका मुरवायला अर्थिंगचा खड्डा. आधी अरेस्टरबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते त्याच्यातच. ऑनलाइन मागवला, हजार-बाराशेच्या घरातला. ॲल्युमिनियमची लहानशी डबी, दोन्ही बाजूंना केबल जोडायचं एन-टाइप सॉकेट, वर स्क्रूचं टोपण. टोपण उघडलं की आत हरभऱ्याएवढी गॅस ट्यूब. कोॲक्सच्या (अँटेनाच्या गोल केबलच्या) मधल्या तारेवर ठरावीक व्होल्टेजच्या वर दाब चढला की ही ट्यूब वाहती होते आणि झटका डबीतून अर्थला जातो. एरवी ती असून नसल्यासारखी. बसवण्याआधी आणि नंतर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) पाहिला, 145 मेगाहर्ट्झवर काटा जागचा हलला नाही.

घेताना ट्यूबचं व्होल्टेज मात्र बघून घ्या. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका दुकानात मला 90 व्होल्टची दाखवली होती. नुसत्या रिसीव्हरला ती ठीक. पण माझा हॅमचा सेट 100 वॉटचा. 50 ओहमवर त्याचं पीक व्होल्टेजच 100 होतं, आणि एसडब्ल्यूआर 3 वर गेला तर केबलवर काही ठिकाणी 150 पर्यंत चढतं. म्हणजे मी माइक दाबला की ट्यूब पेटलीच. म्हणून 230 ची घेतली. डबीवर 20 किलोॲम्पिअर छापलंय, त्याच्या भरवशावर राहू नका. जवळपास पडलेल्या विजेमुळे केबलमध्ये जो झटका चढतो त्याच्यासाठी ही वस्तू आहे. वीज थेट अँटेनावर उतरली तर डबी काय नि सेट काय.

आता खड्डा. अर्थिंगवाल्याचं नाव लिहीत नाही. काम ‘केमिकल अर्थिंग’चं: 3 मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती), वर सिमेंटचं झाकण. आमच्या प्लॉटवर वर काळी माती, खाली मुरूम. खोदाई नीट केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्थिंग मोजायच्या टेस्टरच्या खुंट्या ठोकायच्या आधी त्याच्या पोराने खड्ड्यात भराभर बादल्या ओतल्या. ‘काका, माती बसू द्या ना जराशी.’ रीडिंग आलं 1.8 ओहम (जितकं कमी तितकी अर्थिंग चांगली). त्याने मोबाइलवर फोटो काढला नि बिलाला जोडून दिला.

मी म्हटलं, माती वाळू दे, मग पुन्हा मोजू. ‘काऊन काका, ओके तर आहे ना!’ कोरड्यात घेतलं तर 6 च्या वर गेलं. आता 6 म्हणजे काही वाईट नाही, आकाशातल्या विजेपासून बचावासाठी 10 च्या आत असलं की चालतं. पण मग 1.8 चा फोटो कशाला? काळी माती ओली असली की अर्थिंगला मस्त. मे महिन्यात 45 डिग्रीत तीच भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि आपल्याकडे विजा कडकडतात त्या नेमक्या तेव्हा, पहिला दमदार पाऊस यायच्या आधी. नागपुरात अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यातच घ्यावं, तेही पाणी न ओतता.

खरा वैताग दिला तो अँटेनापासून खड्ड्यापर्यंतच्या अर्थच्या तारेने. गच्चीवरून खाली आणताना सज्जाला दोनदा काटकोनात वळवली आणि उरलेल्या तारेची छान गोल गुंडाळी करून खड्ड्याजवळ बांधून ठेवली. ‘पुढे कामी येते.’ अहो, विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात हजारो ॲम्पिअरने वाढतो. सरळ तारेचा इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री, म्हणजे 10 किलोॲम्पिअरच्या वाढीला दर मीटरमागे 10,000 व्होल्ट. गुंडाळीत तर इंडक्टन्स आणखी वाढतो. मग वीज तुमच्या तारेने कशाला जाईल, शेजारचा पाइप आहे ना! गुंडाळी कापायला लावली, वळणं गोलाकार करून घेतली.

त्याहून मोठा वाद झाला जोडणीवरून. त्याचं म्हणणं, अँटेनाची अर्थिंग आणि घराच्या वीजमीटरची अर्थिंग येगळी ठेवा, नाहीतर वीज घरात येईन. उलट आहे. दोन खड्डे वेगळे राहिले तर झटक्याच्या क्षणी दोघांत हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्यांना जोडणारी एकच वस्तू उरते: माझा सेट, ज्याला एका बाजूने कोॲक्सचं जाळीचं आवरण लागलंय आणि दुसऱ्या बाजूने प्लगची तिसरी पिन. आयएस/आयईसी 62305 या वीजसंरक्षणाच्या मानकात हे सगळं एकत्र बाँड करायला, म्हणजे तारेने जोडायला सांगितलंय. शेवटी 16 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडून दिलं, वेगळे पैसे लावून.

जाता जाता ईएसई टर्मिनलही (वीज लवकर ओढून घेतो म्हणून विकतात तो रॉड) गळ्यात मारत होता, ‘एकाच रॉडमध्ये आख्खी गल्ली कव्हर’ म्हणे. त्याच मानकात रॉडचं संरक्षण त्याच्या प्रत्यक्ष लांबी-उंचीवरूनच धरतात, आतल्या करामतीचे जादा मार्क नाहीत. नको म्हटलं.

अरेस्टरला 5 पैकी 4. टोपणाखाली रबरी वॉशर नाही, सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळावीच लागली. खिडकीशी, केबल घरात शिरते तिथे तांब्याच्या पट्टीवर बसवलाय. मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, बसवून उपयोग नव्हता. खड्ड्याला 5 पैकी 2, तेही खोदाईचे. मीठ-कोळशाचा साधा खड्डा याच्या निम्म्यात झाला असता, फक्त त्याला अधूनमधून पाणी घालत राहावं लागतं. बाकी विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपने आसपास वीज दाखवली, की ढग डोक्यावर यायच्या आधीच मी कोॲक्स सेटपासून काढून खिडकीबाहेर सोडतो, अरेस्टर असूनही.