म्युनिकहून दोन रात्री: प्राग, व्हिएन्ना की बुडापेस्ट?

सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला की म्युनिकमधल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर वीकएंडला यांपैकी कुठे जायचं हा वाद हमखास रंगतो. कुणीतरी हॉस्टेलच्या दरांचे स्क्रीनशॉट टाकतं आणि बहुमत बुडापेस्टकडे झुकतं. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतायचं असेल, तर हा कौल चुकीचा आहे. तिथे एका बेडमागे रात्रीचे पाच ते पंधरा युरो वाचतात खरे, पण त्याबदल्यात जवळजवळ एक दिवस रेल्वेच्या नाहीतर बसच्या सीटवर जातो. छोट्या सहलीत आधी तास मोजावेत, पैसे नंतर.

व्हिएन्नाला थेट रेलजेट (ऑस्ट्रियन रेल्वेची वेगवान गाडी) साधारण चार तासांत पोचते. प्रागला थेट गाडी साडेपाच ते सहा तास घेते, बस पाचच्या आसपास. बुडापेस्टला रेलजेटने जवळजवळ सात तास आणि बसने आठ-नऊ. पाच वाजता लेक्चर संपवून निघालात तर व्हिएन्नात साडेनऊ-दहाला जेवायला बसाल. प्रागला अकराच्या पुढे पोचाल. बुडापेस्टला मध्यरात्र होईल, किंवा रात्रीच्या बसने शनिवारी सकाळी डोळे चोळत उतराल. परतीचंही तेच. सोमवारी आठचं लेक्चर असेल, तर बुडापेस्टहून रविवारी दुपारीच निघावं लागतं.

तिकिटात पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे खिशातलं डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारा मासिक पास. ते फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं, रेलजेटमध्ये नाही. पण साल्झबुर्ग स्थानक ऑस्ट्रियात असूनही हे तिकीट तिथपर्यंत चालतं. म्युनिकहून प्रादेशिक गाडीने दोनेक तासांत साल्झबुर्ग, आणि तिथून वेस्टबान या खासगी कंपनीच्या गाडीने अडीच तासांत व्हिएन्ना. बदलायच्या वेळेसकट प्रवास पाच तासांवर जातो, पण पैसे फक्त दुसऱ्या टप्प्याचे. दोन्ही गाड्यांमध्ये किमान अर्धा तास ठेवा. दोन वेगळी तिकिटं असल्यामुळे पहिली गाडी रखडून दुसरी चुकली, तर भरपाई कुणीही देत नाही.

प्रागच्या थेट गाडीची खुबी आणखी वेगळी. म्युनिक ते सीमेवरचं फुर्थ इम वाल्ड या टप्प्यात ती प्रादेशिक गाडी म्हणूनच धरली जाते, त्यामुळे तिथपर्यंत डॉइचलांडटिकेट चालतं. पुढे सीमेपासून प्रागपर्यंतचं तिकीट चेक रेल्वेच्या अ‍ॅपवर काढायचं. गाडी बदलावी लागत नाही, जागेवरून हलायचंही कारण नाही. ही सोय माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पूर्ण तिकीट काढतात. पूर्ण तिकीटच घ्यायचं असेल, तर जर्मन, ऑस्ट्रियन आणि चेक रेल्वे अशी तिन्ही अ‍ॅप उघडून बघा. एकाच गाडीचा दर तीन ठिकाणी वेगवेगळा दिसतो.

कागदपत्रांच्या बाबतीत तिन्ही शहरं सारखीच. तिन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, त्यामुळे जर्मन निवास परवाना किंवा चालू राष्ट्रीय व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. मूळ पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवंच. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि ती येताना होते. बस थांबते, पोलीस आत येऊन एकेकाचा पासपोर्ट बघतात. एकाचाही पासपोर्ट घरी राहिला असेल तर अख्ख्या टोळीचा रविवार बिघडतो. परवान्याची मुदत संपून हातात फक्त फिक्शन्सबेशाइनिगुंग (नव्या परवान्याचा निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता कागद) असेल, तर परदेशी प्रवासाबाबत आधी परदेशी नागरिक कार्यालयाला विचारा. त्या कागदाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि एका प्रकारावर बाहेर पडलात तर परत आत येता येत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे युरोपीय विमा कार्ड, ते तिन्ही देशांत चालतं. खासगी विमा असणाऱ्यांनी पॉलिसी वाचून निघावं.

आता पैसे. व्हिएन्नात युरो, म्हणून कटकट नाही. प्रागमध्ये कोरुना (एका युरोला साधारण २४-२५) आणि बुडापेस्टमध्ये फोरिंट (साडेतीनशेच्या पुढे). दोन्हीकडे कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं, पण खरी मेख मशीनच्या स्क्रीनवर असते. एटीएम विचारतं, ‘युरोमध्ये रूपांतर करू का?’ मोठं हिरवं बटण ‘हो’चं असतं आणि ‘नको’ कोपऱ्यात बारीक अक्षरांत. नेहमी ‘नको’च दाबायचं, म्हणजे दर तुमची बँक लावते. ‘हो’ म्हटलंत की मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि त्यातच बरेच पैसे जातात. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. प्रागच्या जुन्या शहरात ‘कमिशन शून्य’ अशी पाटी लावलेल्या मनी चेंजरकडे दरच इतका वाईट असतो की कमिशन लावायची गरजच नाही. तिथे फसलात तर २०१९ पासून एक कायदेशीर सोय आहे: हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून रद्द करता येतो.

डॉर्ममधला बेड साधारण बुडापेस्टला १५-३०, प्रागला २०-३५ आणि व्हिएन्नात ३०-४५ युरो. ख्रिसमस बाजारांच्या आणि लाँग वीकएंडच्या दिवसांत हे आकडे विसरा. पर्यटक कर बऱ्याचदा काउंटरवर वेगळा घेतात. प्रागमध्ये तो माणशी रात्री ५० कोरुना आहे.

सहा जण असाल तर सहा बेडची अख्खी खोलीच घ्या. सुटे सहा बेड घेतले की दोघं या खोलीत, तिघं त्या मजल्यावर आणि एक जण अनोळखी घोरणाऱ्याच्या वरच्या बंकवर. बुकिंग एकाच्या नावावर असेल तर तो पोचेपर्यंत बाकीचे लॉबीत ताटकळतात, म्हणून बुकिंगचा मेल सगळ्यांकडे ठेवा. नऊ-दहापेक्षा जास्त जण झाले की बहुतेक हॉस्टेलं गट-बुकिंगचे नियम लावतात. मग फुकट रद्द करायची मुदत कितीतरी आधीच संपते. टीटीएमएमचा हिशेब नंतर करू म्हणू नका. बेडचे पैसे बुकिंगच्या दिवशीच गोळा करा, कारण गुरुवारी रात्री एक जण गळणार हे ठरलेलंच.

लॉकर असतं पण कुलूप आपलं लागतं, टॉवेल भाड्याने मिळतो, चादर बहुधा दरातच असते. प्रागला उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन रात्रभर उघडं आहे का, ते बुकिंगआधी बघा. चेकआउट सकाळी दहा-अकराला, पण बॅगा तिथेच ठेवून दिवसभर फिरता येतं. चेक सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते. जर्मनीतून न्याल त्या एक्सटेन्शन बोर्डच्या प्लगला त्या पिनेसाठी भोक हवं, नाहीतर सहा फोन आणि एक सॉकेट अशी रात्र काढावी लागते.

कुठे राहायचं? बुडापेस्टच्या सातव्या जिल्ह्यात, काझिन्त्सी रस्त्याच्या आसपास, ‘रुइन बार’ म्हणजे पडक्या इमारतींमधले बार आहेत. तिथे खिडकीखाली पहाटे तीनपर्यंत गोंगाट चालतो. झोप हवी असेल तर दोन मेट्रो स्टेशनं लांब राहा. प्रागमध्ये जुन्या शहरापेक्षा विनोह्राडी किंवा झिझकोव्ह बरं. ट्रामने पंधरा मिनिटं, आणि आजूबाजूची खानावळ स्थानिकांची. व्हिएन्नात वेस्टबानहोफ स्टेशन किंवा नाशमार्क्ट बाजाराजवळ राहिलं की झालं. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांमधली सुपरमार्केटं उघडी. पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून व्हिएन्नात डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं आणि नळाचं पाणी उत्तम आहे.

खाण्याबाबत एक गोष्ट आधीच सांगून टाका. हंगेरीचं गुयाश (रस्सा) आणि प्रागची स्विच्कोवा (सॉसमधलं मांस), दोन्हींत गाईचं मांस असतं, आणि व्हिएन्नाचं खरं वीनर श्निट्झेल (तळलेला मांसाचा काप) वासराचं. चालत नसेल तर ‘श्वाइन’ म्हणजे डुकराचं आहे का विचारा. शाकाहारींसाठी प्रागमध्ये स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज, बुडापेस्टमध्ये लांगोश म्हणजे तळलेली जाड रोटी, आणि व्हिएन्नात फलाफल. पोट भरतं, पण दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. बुडापेस्टच्या बिलात ‘सेर्विझदीय’ (सेवाशुल्क) म्हणून दहा-पंधरा टक्के बऱ्याचदा आधीच जोडलेले असतात. वर आणखी टिप ठेवायची गरज नाही.

बघण्यासारखं सगळीकडेच पुष्कळ, पण खर्च निराळा. प्रागचा चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत गाठला तर मोकळा मिळतो, किल्ल्याची आवारं फुकट, फक्त आतल्या इमारतींना तिकीट. व्हिएन्नात ऑपेराचं उभं राहून बघायचं तिकीट वीस युरोंच्या आत मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद. बुडापेस्टचं सेचेनी स्नानगृह (गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव) माणशी तीस युरोंच्या पुढे जातं, म्हणजे हॉस्टेलवर वाचलेले पैसे तिथेच गेले. गेलेर्ट स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. सेचेनीसाठी टॉवेल आणि चप्पल घरूनच न्या. शहरात फिरायला मात्र बुडापेस्ट स्वस्त: पाच जणांपर्यंत चालणारा २४ तासांचा गट-पास साधारण दोन पासांच्या किमतीत मिळतो. व्हिएन्नात तिकीट पंच केलं नाही तर दंड शंभर युरोंच्या वर.

तेव्हा, पहिली सहल आणि चार-सहा जण असाल तर प्राग. दोघं-तिघं असाल, संग्रहालयं-संगीताची आवड असेल आणि सोमवारी लवकर उठायचं असेल तर व्हिएन्ना, साल्झबुर्गमार्गे. बुडापेस्ट फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. तो गुरुवार बायर्नमध्ये (म्युनिकच्या राज्यात) सुट्टीचा असतो, शुक्रवार जोडला की चार दिवस होतात. मग बुधवारी रात्रीच निघता येतं आणि बसमधल्या नऊ तासांचं काही वाटत नाही.