गच्चीवरून नेब्युला: ७ नॅनोमीटरच्या ड्युअल बँड फिल्टरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. शहरातून नेब्युलाचे (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो काढायचेत, गायडिंगवाला माउंट (ताऱ्यामागे बरोब्बर फिरणारा टेलिस्कोपचा स्टँड) आणि कलर ॲस्ट्रो कॅमेरा आधीच घरात आहे, तर हा फिल्टर घ्याच. गॅलक्सीसाठी घेत असाल तर तेच पैसे पेट्रोलमध्ये घाला आणि शहरापासून लांब जा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली एक तक्रार आहे आणि एका नगावरून कुणाला झोडपायला नको, तसंही या प्रकारचे फिल्टर आता चार-पाच कंपन्या बनवतात आणि काम सगळ्यांचं एकच.

माझा सेटअप: पुणे, सोसायटीची गच्ची, आकाश बॉर्टल ८ (१ सगळ्यात काळोखं, ९ सगळ्यात उजळ) म्हणजे आकाशगंगा विसरा, डोळ्यांना कृत्तिका दिसल्या तरी खुश. टेलिस्कोप स्कायवॉचर ७२ ईडी, फोकल लेंग्थ ४२० मिलिमीटर, एफ ५.८ (हा आकडा लहान तेवढा टेलिस्कोप फास्ट). कॅमेरा आयएमएक्स ५३३ सेन्सरचा, कूलिंगवाला. थंडीत मायनस १० ला आरामात जातो, एप्रिलमध्ये शून्यावरच ठेवतो, उगाच कूलरला पळवण्यात अर्थ नाही. सेन्सर चौकोनी आणि लहान आहे, साधारण दीड अंशाची फ्रेम मिळते, त्यात रोझेट नेब्युला बरोब्बर मावतो आणि नॉर्थ अमेरिका मावत नाही, त्याला मोझेक, म्हणजे फ्रेम जोडून एक फोटो, करावा लागतो.

आता फिल्टर नेमकं करतो काय. एमिशन नेब्युलाचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला नसतो, हायड्रोजन अल्फा (एचए) ६५६.३ नॅनोमीटरला आणि ऑक्सिजन थ्रीची (ओथ्री) मुख्य रेघ ५००.७ ला, बहुतेक माल या दोनच ठिकाणी. फिल्टर या दोन्हींभोवती ७-७ नॅनोमीटरची फट ठेवतो आणि बाकी दार बंद. ४०० ते ७०० मधले फक्त १४ नॅनोमीटर आत आले म्हणजे शहराचा पांढरा उजेड ढोबळमानाने विसाव्या हिश्श्यावर आला आणि नेब्युलाचा जवळपास सगळा राहिला, सगळी करामत एवढीच. जुने लाइट पोल्युशन फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते, तो उजेड ५८९ च्या आसपास गोळा झालेला असायचा, तेवढा कापला की काम भागायचं. आता रस्त्यावर सगळीकडे एलईडी लागलेत, त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला, त्यामुळे ते जुने फिल्टर कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

रोझेटवर फरक सगळ्यात जास्त कळला. फिल्टरशिवाय एक मिनिटाची फ्रेम स्क्रीनवर ताणली, म्हणजे अंधारा भाग उजळवला, तर नुसता मातकट करडा पडदा आणि मधे एनजीसी २२४४ या तारकागुच्छाचे तारे, नेब्युला आहे असं सांगावं लागतं. फिल्टर लावून पाच मिनिटांची एकच फ्रेम, कसलंही प्रोसेसिंग नाही, आणि पाकळ्या सरळ दिसतात. चारेक तासांचा डेटा सिरिल सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केला (फ्रेम एकावर एक रचल्या) तेव्हा लाल भागातून जाणाऱ्या काळ्या धुळीच्या रेषा, त्यांच्यातले ते छोटे काळे ठिपके, मधल्या पोकळीतला ऑक्सिजनचा निळसरपणा, सगळं आलं. सिरिल फुकट आहे आणि त्यात एचए आणि ओथ्री वेगळं काढायची स्क्रिप्ट तयारच मिळते, ती वापराच. लाल पिक्सेल चारात एकच असतो त्यामुळे एचए त्या एका पिक्सेलवर येतं आणि ऑक्सिजन हिरव्या-निळ्यावर, दोन्ही वेगळे ताणले तरच ऑक्सिजन वर येतो, नाहीतर लाल सगळं खाऊन टाकतो.

तक्रार आता. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या अल्निटाकभोवती हे एवढं मोठं निळसर-हिरवं वर्तुळ येतं, आणि हॉर्सहेड नेमका त्याच्या शेजारी. फिल्टर उलटा फिरवून लावला तर थोडं कमी झालं, गेलं नाही. मंद ताऱ्यांना काही होत नाही, पण एवढे पैसे मोजल्यावर ते वर्तुळ बघून डोकं फिरतंच. दुसरं म्हणजे ताऱ्यांचे रंग मरतात, मृगातल्याच काक्षीचा नारिंगी आणि रायजेलचा निळा दोन्ही एकाच अवतारात येतात. त्यावर उपाय सोपा आहे, फिल्टर काढून अर्धा तास छोटी एक्सपोजर घ्यायची आणि तारे त्यातून आणून बसवायचे, तारे वेगळे काढायला स्टारनेट सॉफ्टवेअर आहेच.

गॅलक्सी, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, स्टार क्लस्टर, इथे फिल्टरचा काडीचा उपयोग नाही कारण तो उजेड ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला, शहराबरोबर तोही कापला जातो. शहराच्या मधोमध आकाश साधारण १८ मॅग्निट्यूडचं (आकडा मोठा तेवढं आकाश काळोखं) धरा आणि चांगल्या गावाकडे २१ चं, तीन मॅग्निट्यूड म्हणजे पार्श्वभूमी जवळपास १६ पट कमी, हे काम काच करू शकत नाही. अपवाद म्हणायचा तर देवयानी गॅलक्सीचाच: तिच्या, म्हणजे एम३१ च्या, शेजारी ऑक्सिजनचा एक मोठा फिकट पट्टा हौशी लोकांनीच शोधला, २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला. एवढ्या फोटो काढलेल्या गॅलक्सीच्या बगलेत तो कुणाला दिसला नव्हता! पण त्याला मोनो (काळापांढरा) कॅमेरा, ओथ्री फिल्टर आणि शंभर तासांवर एक्सपोजर लागलं, आपल्या गच्चीचं ते काम नव्हे.

डीएसएलआरवाल्यांनी जरा थांबा. मॉडिफाय न केलेल्या कॅमेऱ्यातला कंपनीनेच बसवलेला स्टॉक फिल्टर एचएचा मोठा भाग आधीच अडवतो, त्यापुढे आणखी हा लावून हाती फारसं लागत नाही. आधी कॅमेरा मॉडिफाय करा, म्हणजे तो स्टॉक फिल्टर बदलून घ्या. माउंट पाच मिनिटं नीट ट्रॅक करत नसेल तर आधी गायडिंग घ्या, कारण उजेड एवढा कापल्यावर छोट्या एक्सपोजरमध्ये कॅमेऱ्याचा रीड नॉईज (सेन्सर वाचताना येणारा खरखराट) वर येतो. फिल्टर चढवला की फोकस सरकतो, बाहटिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची टेलिस्कोपच्या तोंडावरची जाळी) लावून परत करायचा, आणि बॅकफोकसमध्ये (सेन्सरपर्यंतच्या ठरलेल्या अंतरात) काचेच्या जाडीच्या एक तृतीयांश वाढ धरायची.

३ नॅनोमीटरचा घ्यावा का असं विचारतात. कॉन्ट्रास्ट अजून वाढतो हे खरं, पण महाग, आणि एफ २ सारख्या फास्ट टेलिस्कोपवर किरण तिरके येतात तशी फट निळ्याकडे सरकते, ३ मध्ये रेघच बाहेर जाऊ शकते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे फिल्टर विकतात. एफ ५ किंवा त्याहून मोठ्या आकड्याला ७ वाला निवांत चालतो. चांदण्यातही चालतो असं म्हणतात ते एचएपुरतं खरं, पौर्णिमेजवळ ओथ्री धुऊन निघतो.

साइज २ इंचीच घ्या, उद्या मोठा सेन्सर आला तरी तोच लागेल. सेकंडहँड मिळाला तर तिरका टॉर्च मारून कोटिंग बघा, आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत उघडा राहिलेला असेल तर बुरशीचे धागे लगेच दिसतात. पावसाळ्यात माझा सिलिका जेलच्या डब्यात असतो, जून ते सप्टेंबर तसंही दुसरं काही करता येत नाही.