.३१५ की माउझर? बोल्ट रायफल घेताना आधी काय बघायचं

गेल्या भाद्रपदात माडीवरचं कपाट उघडून रायफल काढली, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट ओढून बाजूला ठेवला आणि नळीतून खिडकीकडे बघितलं. उजेडच दिसेना. कुंभारीण माशीनं तोंडापासून दोन बोटं आत मातीचं घर बांधलं होतं. पावसाळ्याचे अडीच महिने रायफल कपाटात होती, तेवढ्यात हे झालं. कलमांत डुकरं शिरल्याच्या गडबडीत तशीच भरली असती, तर आज हा मजकूर लिहायला डोळे शाबूत असते की नाही, सांगता येत नाही.

शेतीसंरक्षणाचा परवाना मिळालेले बरेच जण विचारतात, सगळ्यात सुरक्षित बोल्ट रायफल कुठली? उत्तर देतो, पण आधी ती का फुटते ते बघू. .३०-०६ या रायफलीच्या काडतुसात चौरस इंचाला सुमारे ६०,००० पाउंड दाब तयार होतो. गाडीच्या टायरात तीस-बत्तीस असतो. हा दाब अडवतात तीन गोष्टी: पोलादी चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बोल्टचे दात म्हणजे लग, आणि काडतुसाची पितळेची पुंगळी. यातली सगळ्यात नाजूक पुंगळी. ती बुडाशी फाटली की तापलेला वायू बोल्टच्या वाटेनं मागे येतो, आणि मागे आपला चेहरा असतो.

पुंगळी फाटायला निमित्तं ठरलेली आहेत. नळीत माती, चिंधी किंवा आधीच्या फुसक्या बाराची अडकलेली गोळी. चुकीचं काडतूस. घरी भरलेल्या काडतुसात भलती किंवा जास्त दारू. आणि बोल्टचं तोंड व पुंगळीचं बूड यांच्यात वाढलेली फट, जिला हेडस्पेस म्हणतात. आपल्याकडे यात पाऊस धरा. ओल्या किंवा तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला घट्ट धरत नाही, सगळा रेटा बोल्टवर जातो. म्हणून बार काढण्याआधी चेंबर कोरडं पुसायचं. खोबरेल तर लावूच नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

आता .३१५. सामान्य माणसाला .३०३ बाळगता येत नाही, तो निषिद्ध बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप. म्हणून सरकारी कारखान्याची .३१५ गावोगाव दिसते. तिचा सांगाडा ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचा. लग बोल्टच्या मागच्या बाजूला, त्यामुळे बार होताना बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ती बॉडी थोडी दबतात-ताणतात आणि पुंगळीही ताणली जाते. पण काडतूस बुडाला कड असलेलं आणि दाब .३०-०६ पेक्षा कमी, त्यामुळे योग्य गोळीवर ही रायफल पिढ्यान् पिढ्या चालते. बोल्ट सरकतो लोण्यासारखा, चिखल-धूळही सोसते. तिचा खरा धोका अदलाबदलीत आहे. लीच्या बोल्टचं डोकं वेगळं, आट्यांवर बसणारं असतं. कुणी दुसऱ्या रायफलचा बोल्ट घातला की हेडस्पेस बिघडतो आणि वरून काही कळत नाही. जुनी घेताना बोल्टवरचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून गेजनं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

माउझर ९८, म्हणजे १८९८ ची जर्मन रचना, मला आजही सगळ्यांत विचारपूर्वक केलेली वाटते. दोन लग पुढे, चेंबरला लागून. तिसरा मागे, एरवी टेकतसुद्धा नाही. पुढचे दोन तुटले तरच कामाला येतो. बोल्टला दोन भोकं आहेत. फाटलेल्या पुंगळीचा वायू त्यांतून डाव्या खाचेत जातो आणि बाहेर पडतो. तरीही मागे आलाच तर बोल्टच्या शेवटाशी रुंद कड आहे, ती तो चेहऱ्यावरून बाजूला वळवते. पुंगळी फाटणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

पण ‘माउझर’ म्हटलं की सगळ्या ९८ नव्हेत. १८९३ आणि १८९५ च्या नमुन्यांना तिसरा लग नाही. जुन्या जर्मन ८ मिलिमीटरमध्ये आणखी एक खोच आहे: आधीची गोळी .३१८ इंचाची, नंतरची .३२३ ची. जाड गोळी अरुंद नळीत घातली की दाब भलताच चढतो. आणि खडकीला बनणारं आपलं .३१५ चं काडतूसही ८ मिलिमीटरच म्हणवतं, पण ते पूर्ण वेगळं. आजोबांची रायफल असेल तर नळीवरचे ठसे वाचून घेतल्याखेरीज त्यात काहीही भरू नका.

पोलादाचंही बघावं लागतं. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा लोखंड जास्त तापलं असेल तर धार टिकत नाही, टवका उडतो. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींचं हेच झालं. कारागीर तापमान डोळ्यांनी, रंगावरून ओळखत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग दिसेपर्यंत पोलाद कितीतरी जास्त तापलेलं असे. ८,००,००० च्या खालच्या नंबरांच्या, स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या रायफली म्हणूनच धोक्याच्या मानतात. त्यांतल्या काहींच्या बॉडीचे काचेसारखे तुकडे उडाले. जुन्या माउझरचं पोलाद मऊ असतं, ते दबतं, फट वाढत जाते, निदान खूण तरी देतं. कॅनडाच्या रॉस रायफलीत पोलादाचा दोष नव्हता, पण साफ केल्यावर कधीकधी बोल्ट उलटा जोडला जाई, लग अडकत नसत आणि बार होताच बोल्ट थेट तोंडावर येई.

१९६२ च्या रेमिंग्टन ७०० सारख्या नव्या रचनांत पुंगळीचं बूड पोलादाच्या कड्यांत पूर्ण बंद असतं. ताकदीला भारी, पण आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत.

मला विचाराल तर: नंबर जुळणारी, मूळ बोअरची ९८ मिळत असेल तर ती. नाहीतर एकाच घरात राहिलेली .३१५. बोअर बदललेली कुठलीही नको, कितीही स्वस्त असो. बहुतेकांचं काम बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीवरच भागतं, आणि तिथंही वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून अडकतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. वनखात्याची परवानगी असल्याशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही, तेव्हा घाईनं रायफल घेण्याचं कारणही नाही.

व्यवहार ठरवण्याआधी तिच्यातून निघालेल्या पाच-सहा पुंगळ्या मागा. बारीक तारेचं टोक वाकवून आत घाला आणि बुडापासून अर्धा इंच वर भिंतीवरून हळू फिरवा. टोक कुठं खाचेत अडखळलं, बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसलं, तर पुंगळी तिथूनच तुटायला निघाली आहे. निवडणुकीत जमा केलेली रायफल महिना-दीड महिन्यानं परत आणाल, तेव्हा दारातच बोल्ट काढून नळीतून उजेड बघा.