एजंटच्या हाती आधी यादी: फायरक्रॉलचं 'मॅप'

एआय एजंटला अख्खी साइट क्रॉल करायला, म्हणजे लिंकमागून लिंक धरत पान न् पान वाचायला लावली की टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) भराभर संपतात आणि हाती लागतात टॅग, आर्काइव्ह नि लॉगिनची पानं. वेबसाइटवरचा मजकूर काढून देणाऱ्या फायरक्रॉल या सेवेचं 'मॅप' त्याच्या आधीचं काम करतं: एक यूआरएल द्या, साइटवरच्या लिंकची यादी मिळते. पानांचा मजकूर ते आणत नाही, म्हणूनच चपळ आहे.

खरी ताकद 'मॅप'च्या 'सर्च' या पर्यायात आहे. एखाद्या डॉक्युमेंटेशन साइटवर 'वेबहुक' हा शब्द दिला की जुळणाऱ्या लिंक वर येतात. त्यातल्या पहिल्या पाच-दहाच एजंटला दाखवा आणि तो निवडेल तेवढीच पानं स्क्रेप करा, म्हणजे त्यांचाच मजकूर काढा. सगळी यादी प्रॉम्प्टमध्ये ओतलीत तर तो भरकटलाच म्हणून समजा.

अडतं ते साइटमॅपपाशी, म्हणजे साइटने स्वतःच ठेवलेल्या पानांच्या यादीच्या फाइलपाशी. 'मॅप'च्या यादीचा मोठा भाग तिथूनच येतो. साइटमॅप शिळा असेल तर काढून टाकलेली पानंही दिसतात, तेव्हा स्क्रेप करताना ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा कोड तपासा. साइटमॅपच्या एका फाइलमध्ये ५०,००० यूआरएल मावतात, पण 'मॅप'ची लिमिट न सांगता ५,००० असते. मोठ्या साइटवर ती वाढवली नाही तर पुढची पानं गळतात आणि एजंट बिनधास्त सांगतो, असं पान नाहीच!

क्वेरी पॅरामीटर (यूआरएलमधला '?' नंतरचा भाग) वगळण्याचा पर्याय दुबार लिंक छान गाळतो. मात्र पानं 'पेज=२' अशा पत्त्यांवर विभागलेली असतील तर तो बंदच ठेवा.