ऊसतोडणी यंत्राची तोड : सरी साडेचार फुटी असेल तरच बोलवा

कारखान्याच्या चिटबॉयने (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याने) 'मशीन लावू का तोडणी मजुरांची टोळी?' असं विचारलं, की आता बरेच जण डोळे झाकून मशीन म्हणतात. टोळीची वाट बघायची, मुकादमाची मनधरणी करायची, वर खुशाली (मजुरीबाहेरचे पैसे) द्यायची, याला लोक कंटाळलेत. पण यंत्र सगळ्या रानांत सारखं चालत नाही. आणि ज्या रानात ते चालत नाही, त्याचं ओझं कुणावर पडतं, हेही बघायला हवं.

आधी यंत्राचं काम. पुढच्या बाजूला शेंडा उडवणारं टॉपर, खाली बुडखा कापणाऱ्या दोन फिरत्या चकत्या, आत ऊस ओढणारे रोलर, मग आठ-दहा इंचांचे तुकडे करणारा ड्रम आणि पाचट बाहेर फेकणारा पंखा. तुकडे एलिव्हेटरवरून बाजूने चालणाऱ्या इनफिल्डर ट्रॉलीत पडतात. सरी साडेचार-पाच फुटी, ऊस उभा, रानाला वाफसा आणि लांब पट्टा असेल तर काम खरंच देखणं होतं. पाचट कुट्टी होऊन रानभर सारखं पसरतं, पेटवायचा प्रश्न उरत नाही.

तीन-साडेतीन फुटी सरीत मात्र यंत्र बोलवू नये. चाक खोडव्याच्या (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) बुडख्यावरूनच जातं, रान दाबलं जातं आणि पुढचा फुटवा विरळ येतो. भरणी (उसाच्या बुडाला माती लावणं) कमी-जास्त झालेली असली तर कटर कुठे माती खातो, कुठे चार बोटं खोडकी (बुडख्याचा खुंट) सोडतो. साखर बुडख्यातच जास्त, त्यामुळे ही खोडकी म्हणजे वजनाचंही नुकसान आणि खोडव्याचंही. चकत्यांची पाती बोथट असतील तर बुडखा कापला न जाता चिरफाळतो. दगडाळ रानात पाती लवकर जातात, म्हणून यंत्र रानात उतरायच्या आधी पाती बघून घ्या. ठिबकच्या नळ्या आधीच गोळा करा. पात्यात गुंडाळलेली नळी काढण्यात तासभर सहज जातो.

सगळ्यात जास्त लक्ष पंख्यावर ठेवा. तो जोरात फिरवला तर पाचटाबरोबर ऊसही उडतो, हळू फिरवला तर ट्रॉलीत पाचट जातं. तपासणं सोपं आहे. यंत्र पुढे गेलं की मागे दहा फूट बाय दहा फूट जागा आखा, पाचट उचकटा आणि उसाचे तुकडे वेचून वजन करा. तिथे एक किलो निघाला तर एकरी सव्वाचारशे-साडेचारशे किलो ऊस रानातच राहिला असं समजा. ऑपरेटरला तिथल्या तिथे सांगा. संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

पावतीवरची वजावटही आधी विचारा. राज्यात यंत्राच्या उसाला साडेचार टक्के पाचट वजावट लावण्याची पद्धत आहे. 100 टनांत साडेचार टन गेले. टनाला 3000 रुपये हातात पडत असतील तर 13,500 रुपये. शिवाय तुकड्यांना दोन्हीकडे उघडी तोंडं असल्याने तो ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर शिळा होतो. चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपाला) पडायला हवा. यार्डात नंबर लागून राहिला तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. आणखी एक, ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांना चाऱ्याला वाढे (हिरवे शेंडे) मिळत नाहीत. टॉपर ते बारीक करून रानात फेकतं.

आता माणसांचा हिशोब. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन. यंत्राने दिवसात 100 टन तोडले तर निदान पन्नास कोयत्यांचं, म्हणजे शंभर माणसांचं काम झालं. त्याबदल्यात दोन पाळ्यांचे ऑपरेटर, एक-दोन मदतनीस आणि इनफिल्डरचे चालक धरून आठ-दहा जणांना काम मिळतं. ते जवळपास सगळे पुरुष. मोळी बांधणाऱ्या, डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईला या नव्या कामात जागाच नाही. कोयत्याचं काम काही सुखाचं नव्हे. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत सुटका नाही, आजारपणाच्या खाड्याचा दंड वेगळा. ते संपलं म्हणून कुणी रडणार नाही, पण त्याच्या जागी दुसरं काय, याचं उत्तर यंत्राबरोबर आलेलं नाही. यंत्र घेणाऱ्याला 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं कमी ते अनुदान सरकारने दिलं. त्या योजनेत कोयत्याला ऑपरेटर करण्याची अट घालता आली असती.

खरी मेख इथे आहे : यंत्र चांगली रानं घेतं. पडका ऊस, ओलीचं रान, दोन-पाच गुंठ्यांचे तुकडे, गाडीवाट नसलेली शेतं टोळीला उरतात. जानेवारी 2024 च्या करारात तोडणी दर 34 टक्के वाढले, पण मजुरी टनावर मिळते आणि लोळलेल्या उसात जोडीचा दीड टनही होत नाही. दर वाढूनही हातात पडणारी पट्टी वाढत नाही ती यामुळे. पुढच्या करारात पडक्या उसाला वेगळा दर मागितला गेला पाहिजे.

तेव्हा साडेचार फुटी सरी, उभा ऊस आणि दोन एकरांच्या वर सलग रान असेल तर पाचपैकी चार गुण. नाहीतर दीड. आणि बोलावणार असाल तर दोन्ही टोकांना पंधरा-वीस फूट ऊस आदल्या दिवशी हाताने तोडून घ्या, यंत्राला वळायला तेवढी जागा लागते. त्याला गावातल्याच दोन कोयत्यांना रोजाने सांगा, टनावर नको.