गोड सिंथ-पॉपला काळोखात न्यायचंय: लोखंडाचा रस्ता की डिस्टॉर्शनचा?

तीन-चार गोड सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभी असलेली पॉप) गाणी तयार आहेत आणि पुढचा अल्बम काळा, कारखानी आवाजाचा करायचा आहे, असं ठरलं की दोन नमुने समोर ठेवावेत. पहिला, लोखंडाचा, ब्रिटिश बँड डेपेश मोडचा: १९८१ चा 'स्पीक अँड स्पेल' आणि दोनच वर्षांनी आलेला 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'. दुसरा, डिस्टॉर्शनचा (म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करण्याचा), ब्रिटिश गायक गॅरी न्यूमनचा: १९७९ चा 'द प्लेजर प्रिन्सिपल' आणि २००० चा 'प्युअर'. दोघेही अंधाराकडेच गेले, पण वाटा इतक्या वेगळ्या की एकाच गाण्यात दोन्ही कोंबल्या तर बहुतेक वेळा गाळ होतो.

डेपेश मोडने चाल फारशी बदलली नाही, वाद्यं बदलली. बहुतेक गाणी लिहिणारा व्हिन्स क्लार्क बाहेर पडल्यावर ते काम बँडमधल्याच मार्टिन गोरकडे आलं, अ‍ॅलन वाइल्डर बँडमध्ये आला, आणि लंडनच्या शोरडिच भागातल्या वस्तू ठोकून-बडवून मिळालेले आवाज सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज वाद्यासारखा वाजवणाऱ्या यंत्रात) गेले. मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र बसवणं) बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत झालं. 'पाइपलाइन' हे गाणं तर अशाच गोळा केलेल्या आवाजांवर उभं आहे. तरीही 'एव्हरीथिंग काउंट्स' सहज गुणगुणता येतं.

न्यूमनचं गणित उलटं. १९७९ च्या अल्बममध्ये गिटारच नव्हती. मिनीमूग आणि पॉलीमूग या सिंथेसायझरच्या जोडीला बास आणि खरे ड्रम्स होते. १९९४ च्या 'सॅक्रिफाइस'पासून तो वळला आणि 'प्युअर'पर्यंत जड गिटारी आल्या. गाण्याचा आवाज मात्र तोच, थंड आणि नाकातला. एक-दोन स्वरांभोवती घोटाळणाऱ्या त्याच्या चालींना डिस्टॉर्शन सोसतं. सगळ्यांच्या चालींना ते सोसत नाही.

म्हणून आधी गाणं पेटीवर वाजवून पाहा. नुसत्या पेटीवर उभं राहिलं तर लोखंडाचा रस्ता. पेटीवर पोकळ वाटलं आणि खरी जान एका बास-रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या बास-तुकड्यात) असेल, तर डिस्टॉर्शन.

लोखंडाच्या रस्त्याला पुण्यात कच्चा माल मुबलक. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात पाइप, स्प्रिंगा, झाकणं मिळतात. घरात परात आणि खलबत्ता असतोच. कसब्यातल्या तांबट आळीत परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करता येईल, पण तिथे अनेक हातोड्या एकदम चालतात. पार्श्वभूमीला ते उत्तम, सुटा ठोका हवा असेल तर निरुपयोगी. माइक वस्तूपासून एक फुटावर, सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलपाशी. प्रत्येक वस्तू लाटण्याने, हातोडीने आणि रबराने वाजवा. दर वेळी हळू ते जोरात असे पाच ठोके.

सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या ठोक्याच्या) सुरुवातीची शांतता कापली नाही तर १० मिलिसेकंदांनीही ताल मागे ओढल्यासारखा वाटतो. १२ सेमीटोन (एक सप्तक) खाली आणलं की परात घंटेसारखी होते आणि लांबीही दुप्पट होते, त्यामुळे शेपूट छाटावी लागते. धातूचे उपस्वर सुरेल पटीत नसल्याने कानाला एकाच वेळी दोन स्वर ऐकू येतात. ठळक स्वर षड्ज किंवा पंचमावर बसवा, नाहीतर गाणारा सुटतो. धातूत १०० हर्ट्झखाली फारसं काही नसतं, म्हणून खाली साधा सिंथ किक (खालचा 'धप्' ठोका) हवाच. २ ते ५ किलोहर्ट्झमधला खणखणाट शब्द गिळतो. धातूचे सगळे आवाज एकत्र येतात त्या सामायिक चॅनलवर (बसवर) तिथे ३-४ डेसिबल कमी करा.

ढोल मात्र नको. तो मिक्समध्ये आला की बर्लिन संपून थेट लक्ष्मी रोड सुरू होतो. गणपतीआधीच्या महिन्यांत नदीकाठी संध्याकाळी सराव चालतो, तेव्हा रेकॉर्डिंग सकाळीच उरकावं.

डिस्टॉर्शनला सामान कमी, शिस्त जास्त लागते. बास १२० हर्ट्झपाशी दोन भागांत तोडा: खालचा स्वच्छ आणि मोनो (एकाच चॅनलचा), फक्त वरचा खरवडलेला. पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमधून गेली की त्यातला गंधार चिखल करतो. मूळ स्वर, पंचम आणि वरचा सा पुरे. डिस्टॉर्शन चढउतार सपाट करतं, त्यामुळे धृपद उठत नाही. उपाय एकच, कडव्यात जागा सोडा: आवाज, एक ड्रोन (तंबोऱ्यासारखा सलग स्वर), बस्स. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण डिस्टॉर्शनमध्ये कितीतरी वाढते. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर दोषी चार्जर.

पहिल्याच अल्बमला आणि घरच्या खोलीत काम करणाऱ्याला आमचं मत लोखंडाच्या बाजूने. चूक झाली तर एक सॅम्पल बदलता येतं. डिस्टॉर्शनच्या रस्त्यावर मिक्स पहिल्यापासून उघडावं लागतं. मंचावरही फरक पडतो. सॅम्पल पॅडवर टाकून छोट्या पबमध्ये नीट वाजतात, पण सतत भरलेला डिस्टॉर्शनचा बास तिथल्या साउंड सिस्टिमचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा भाग) दाबून धरतो आणि सगळ्यांत आधी गाणाऱ्याचा आवाज बुडतो.